अकरा महिन्यांची साक्ष

कोल्डर्नच्या किल्ल्याची गोष्ट सांगायला बसलं की आमच्याकडचे लोक ड्रोगोपासून सुरुवात करतात. ड्रोगो डी मॉर्वे समुद्रापलीकडून आला, नदीच्या वळणावर मातीची टेकडी रचून वर लाकडी गढी उभारली आणि आसपासच्या सतरा गावांना कळवलं की आजपासून मी तुमचा मालक. गावांनी मान डोलावली, कारण ड्रोगोबरोबर चाळीस घोडेस्वार होते. त्याच्या नातवानं, वॅरिननं, लाकूड काढून दगड चढवला. वॅरिनला मुलगा नव्हता. त्याची मुलगी हाविस. बाप गेल्यावर हिनं एकोणचाळीस दिवस वेढा सोसला आणि पुढे लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला अट घातली, की आडनाव माझ्या घरचं लावायचं. तो बिचारा मुकाट्यानं लावून राहिला. हाविसचा नातू जोसेलिन, त्यानं मोठं दालन बांधलं. जोसेलिनचा मुलगा बाल्ड्विन स्कॉटलंडच्या लढाईत गेला, आणि बाल्ड्विनचा मुलगा पिअर्स.

इथवर सगळे सांगतात, आणि बरं सांगतात. पण दगडाची भिंत कितीही जाड असली तरी वरून पाणी मुरायला लागलं की तिचा भुगा व्हायला एक पिढी पुरते. जोसेलिनच्या दालनावर शिशाचं छप्पर होतं, म्हणून ते दालन टिकलं. ते शिसं कुणी चढवलं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. थर्स्टनच्या बापानं चढवलं होतं, आणि बापामागं त्याची निगा थर्स्टन राखायचा.

थर्स्टन बुटका होता. गुडघे पार गेलेले, कारण आयुष्याचा निम्मा वेळ तो छपरावर रांगत होता. बोटं करडी, पोटात अधूनमधून कळ. शिशात हात घालणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीत पावाचा तुकडा आणि चीज घालून तो वर चढायचा आणि एकेक पत्रा हातानं चाचपत जायचा. बोलायचा कमी. बायको मेबिल म्हणायची, "याला दोन वाक्यं बोलायची झाली तर आधी शिडी लावावी लागते." मेबिल त्याच्याहून उंच होती आणि जिभेनं तिखट. त्यांना एकच मूल झालं होतं, इडोनी. ती अकरा महिने जगली. पुढे मूल झालं नाही.

बाल्ड्विन गेला तेव्हा पिअर्स आठ वर्षांचा होता, आई आधीच गेलेली. अशा पोरक्या वारसाचा किल्ला, तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत, राजाच्या ताब्यात जायचा. राजाला लढायांची हौस फार, त्यामुळे खजिना कायम रिकामा. त्यानं ते पालकत्व सर फुल्क नावाच्या माणसाला विकून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. फुल्कला ठाऊक होतं की किल्ला आपला नाही आणि एके दिवशी सोडायचा आहे. तेव्हा पहिल्या वर्षी त्यानं ओक तोडले. मग तळ्यातले मासे संपवले, लहानसहान बोटभर पिल्लंसुद्धा ठेवली नाहीत. मग त्याची नजर वर गेली. शिसं वितळवलं की कुठंही विकलं जातं. किल्ल्याच्या प्रार्थनाघरावरचे पत्रे त्यानं थर्स्टनकडूनच उतरवले. त्या कामाला थर्स्टनला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत तो घरी एक अक्षर बोलला नाही. पुढच्या हिवाळ्यात प्रार्थनाघराची उत्तरेकडची भिंत फुगली.

तेराशे चाळीस सालच्या सप्टेंबरात फुल्कचा निरोप आला. फेब्रुवारीत मोठ्या दालनाचं शिसं उतरवायचं. गाड्या ठरल्या आहेत.

आता कोल्डर्न म्हणजे नुसता किल्ला नव्हे. तिथल्या भटारखान्यावर, तबेल्यावर, धोबीघाटावर, मद्यगृहावर साठेक घरं जगत होती. दालन गेलं तर मालक तिथं राहणार नाही, आणि मालक राहिला नाही तर भाकरी कुणासाठी भाजायची? सगळं गाव हवालदिल झालं. त्यातच ऑक्टोबरात पिअर्स आला. इतकी वर्षं तो फुल्कच्याच घरी वाढला होता. दाढी नीट फुटली नव्हती, पण घोड्यावर ताठ बसायचा. त्यानं सांगितलं, मी एकवीस पुरा केला, माझा किल्ला मला द्या.

अडचण एवढीच होती की तो वीस वर्षांचा होता.

हे पिअर्सला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. ज्याला सगळे तू एकवीसचा म्हणतात तो कशाला नाही म्हणेल. जन्माची नोंद प्रार्थनाघरातल्या ग्रंथाच्या शेवटच्या पानावर होती, पण तो ग्रंथ फुल्कच्या राज्यात कधीच गायब झाला होता. जुना पाद्री मेला होता. गाव मात्र काही विसरलेलं नव्हतं. पिअर्सला खरा एकवीस व्हायला आणखी एक वर्ष होतं, आणि फुल्कला छपरासाठी एक महिना पुरला असता.

अशा वेळी आमच्याकडे रीत होती. राजाचा अधिकारी यायचा, गावातले बारा प्रौढ पुरुष बोलावायचा, आणि प्रत्येकानं बायबलवर हात ठेवून सांगायचं की वारस अमुक दिवशी जन्मला. नुसतं सांगून भागत नसे. तुला तो दिवस कसा आठवतो, हेही सांगावं लागे. त्या दिवशी माझं घर जळालं, त्या दिवशी मी घोड्यावरून पडलो, असं काहीतरी. माणूस स्वतःचं दुखणं विसरत नाही, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चांगला होता, पण तो करणाऱ्यानं कोल्डर्नचा कारभारी ऑस्बर्ट पाहिला नव्हता.

ऑस्बर्टनं बाराही जणांना दुपारी मद्यगृहात जमवलं आणि आठवणी वाटायला घेतल्या.

"मी पाय मोडून घेतो," गिरणीवाला म्हणाला.

"पाय रॅनल्फनं घेतलाय."

"मग मी दुसरा घेतो."

"एका गावात एका दिवशी दोन पाय मोडले तर राजाचा माणूस विचारेल, त्या दिवशी तुमच्याकडे काय कुस्त्या होत्या का? तू तुझ्या बापाला पुरलंस."

"बाप बसलाय की माझा, तो बघ कोपऱ्यात."

कोपऱ्यातून म्हातारा म्हणाला, "पुर रे मला, पुर. फक्त हा पेला संपू दे."

हशा पिकला. एकाच्या गोठ्याला आग लागली, एकाचा भाऊ यात्रेला गेला, एकाचं त्या दिवशी लग्न झालं आणि घरी बायकोला काय सांगायचं म्हणून तो डोकं खाजवत बसला. थर्स्टन खाली मान घालून बसला होता. ऑस्बर्ट सगळ्यात शेवटी त्याच्याकडे वळला, आणि तेव्हा हसणं थांबलं.

"थर्स्टन, लेका, तुला आम्ही पाय-बिय देऊ शकत नाही. तुझी बायको पिअर्सची दाई. फुल्कचा वकील पहिला तुलाच धरणार. बाईला दूध होतं, म्हणजे मूल झालं होतं. कधी झालं, कुठे गेलं, हे तो विचारणारच."

खरी गोष्ट साधी होती. इडोनी जन्मली सेंट मार्टिनच्या दिवशी, नोव्हेंबरात. पुढच्या ऑक्टोबरात सेंट ल्यूकच्या दिवशी ती तापानं गेली. दुपारी तिला पुरलं, आणि त्याच दुपारी किल्ल्यावर पिअर्स जन्मला. मालकिणीला दूध उतरेना. संध्याकाळ व्हायच्या आत दोन बायका येऊन मेबिलला वर घेऊन गेल्या. तिचे हात अजून मातीचे होते.

"आपल्याला पिअर्स एक वर्ष आधी जन्मायला हवाय," ऑस्बर्ट हळू आवाजात म्हणाला. "त्या आधीच्या सेंट ल्यूकला मेबिलचे दिवस भरत आले होते. तीन आठवडे राहिले होते. तेव्हा तू एवढंच म्हणायचं, की मूल त्या दिवशी झालं आणि मेलेलंच झालं. बाईला दूध आलं, ती वर गेली. सगळं बरोब्बर बसतं."

थर्स्टन म्हणाला, "तिला चार दात होते."

"मला माहीत आहे."

"वरचे दोन, खालचे दोन."

"अरे, मला माहीत आहे ना. माझ्या बायकोनं तिला अंगावर खेळवलंय. पण वर छप्पर आहे, थर्स्टन. तुझ्या बापाचं छप्पर." आणि मग निघताना, "मेबिलला आत्ताच काही बोलू नकोस."

बोलायची गरजच पडली नाही. थर्स्टन घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मेबिल सलगम चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"ऑस्बर्टला म्हणावं, स्वतःच्या पोरांतलं एखादं मेलेलं जन्माला घाल. त्याच्याकडे सात आहेत."

"त्याच्या बायकोनं पिअर्सला पाजलं नव्हतं."

"मी पाजलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण पाजलं, आणि लाज वाटते सांगायला, पण पुढे पुढे जीवही लागला. पोराचा काय दोष. दूध दिलं त्याला. आता हे अकरा महिनेही द्यायचे?"

थर्स्टन बाकावर बसला. "मेलेलं जन्मलं म्हणजे—"

"मला नको समजावूस. मेलेलं जन्मलं म्हणजे पाण्याचा संस्कार नाही. संस्कार नाही म्हणजे नाव नाही. नाव नाही म्हणजे देवळाच्या आवारात जागा नाही, कुंपणाबाहेर कुत्र्यांत." तिचा आवाज चढला नाही. "ती हसायची, थर्स्टन. तू शिडी खांद्यावर घेऊन येताना दिसलास की हसायची."

"आणि साठ घरं?"

त्या साठ घरांत मेबिलच्या बहिणीचं घर होतं. तिनं सलगम हंड्यात टाकली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी वादळबिदळ काही नसताना थर्स्टन छपरावर चढला. दालनावर एकशे बारा पत्रे होते. त्यातले सत्तावीस त्यानं स्वतः ओतून बदलले होते, बाकी बापाचे. तो संध्याकाळपर्यंत वर होता. खाली उतरला तेव्हा त्याचं ठरलं होतं, आणि त्याला स्वतःची किळस येत होती. नंतर तो एकदा म्हणाला की साठ घरं मनात होती हे खरं, पण खरं सांगायचं तर शेवटी मनात पत्रेच होते. माणसाचा जीव कशात अडकेल याचा नेम नसतो.

चौकशी कोल्डर्नच्या चर्चमध्ये झाली. राजाचा अधिकारी सर्दीनं बेजार होता, त्याला लवकर उरकायचं होतं. शेजारी कारकून, कारकुनासमोर चर्मपत्र. फुल्क आला नव्हता, त्याचा वकील आला होता. सडपातळ, स्वच्छ नखांचा माणूस, आणि हुशार. बायका मागे दाराशी उभ्या होत्या. त्यांना साक्ष देता येत नसे, ऐकता मात्र येई. मेबिल त्यांत होती.

एकेक जण पुढे आला. पाय मोडला, गोठा जळाला, बाप पुरला गेला. बापाला पुरलं म्हणताना गिरणीवाल्याचा गळा खरंच दाटून आला, कारण म्हातारा खांबामागून त्याच्याकडे टक लावून बघत होता. वकील एकाही साक्षीला आडवा गेला नाही. थर्स्टनचं नाव पुकारलं तसा तो उठून उभा राहिला.

"तुझी बायको वारसाची दाई होती?"

"होती."

"म्हणजे तिला तेव्हा मूल झालं होतं."

"झालं होतं."

"कधी?"

थर्स्टनचा हात बायबलवर होता. "त्याच दिवशी. सेंट ल्यूकला. एकवीस वर्षांपूर्वी."

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"तिचं काय झालं?"

"मेलेलीच जन्मली."

वकील दोन पावलं जवळ आला. त्याला वास लागला होता. "मी गावात विचारपूस केली आहे. तुझ्या बायकोच्या कडेवर एक चांगलं रांगतं मूल पाहिलं असं एक फेरीवाला सांगतो. त्या मुलीचं नाव काय होतं?"

दाराशी कुणीतरी खोकलं. थर्स्टननं मागे पाहिलं नाही.

"नाव नव्हतं," तो म्हणाला. "मेलेल्या जन्मलेल्याला नाव नसतं. फेरीवाल्यानं माझ्या मेहुणीचं मूल पाहिलं असेल."

"पुरली कुठं?"

"कुंपणाबाहेर. नाल्याच्या अंगाला."

"देवाची शपथ?"

"देवाची शपथ."

अधिकाऱ्यानं नाक पुसलं आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. कारकुनानं एक ओळ लिहिली. थर्स्टन जागेवर परत आला. ऑस्बर्टनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकून टाकला. मेबिल तोवर निघून गेली होती.

निकाल पिअर्सच्या बाजूनं लागला. वकिलानं कागद गुंडाळताना ऑस्बर्टला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझे धनी वरच्या कचेरीत जाणार आहेत. या बारा जणांतला एक जरी खोटा निघाला तर किल्ला परत आमच्याकडे, आणि तुम्ही सगळे तुरुंगात. मला घाई नाही."

पाच दिवसांनी पिअर्सच्या हातात दरवाज्याची लोखंडी कडी दिली गेली. आमच्याकडे ताबा असाच देतात. फुल्कनं फेब्रुवारीसाठी ठरवलेल्या गाड्या आल्याच नाहीत. छप्पर राहिलं.

नाताळला पिअर्सनं मोठ्या दालनात सगळ्या गावाला जेवण घातलं. डुकराचं मांस, ईल माशांचं कालवण, पांढरा पाव आणि बीअर पोटभर. बारा वर्षांत कुणी तिथं असं जेवलं नव्हतं. पिअर्स मनानं वाईट नव्हता. जेवण अर्ध्यावर आलं तसा तो स्वतः उठून खालच्या बाकांकडे आला, मेबिलसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाई, मला आई आठवत नाही, तू आठवतेस. माग, काय हवं ते माग. गाय माग, जमीन माग."

मेबिलनं तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. चौकशीच्या दिवसापासून ती थर्स्टनशी कामापुरतंच बोलत होती.

"गाय नको, मालक. सेंट ल्यूकच्या दिवशी चर्चमध्ये एक प्रार्थना म्हणवून द्या. इडोनीच्या नावानं."

"म्हणवू की. कोण इडोनी?"

"माझी मुलगी. जिच्या वाटणीचं दूध तुम्ही प्यालात."

दालनात भांडी वाजायची थांबली. ऑस्बर्टचा चेहरा पांढरा फटक पडला. तो लगबगीनं पुढे आला, पिअर्सच्या कानाशी लागला, आणि पिअर्सच्या तोंडावर एकेक गोष्ट उमजत गेल्याचं सगळ्यांना दिसलं. जिचं नाव नव्हतं तिच्या नावानं प्रार्थना झाली, तर ती जगली होती. ती जगली होती तर थर्स्टन खोटा. थर्स्टन खोटा तर पिअर्स वीसचा, आणि हे दालन, हे छप्पर, हा पाव, सगळं पुन्हा फुल्कचं. फुल्कचा माणूस कुठल्या बाकावर बसला असेल, सांगता येत नव्हतं.

पिअर्सचे कान लाल झाले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दाई, दुसरं काहीतरी माग."

"दुसरं काही नाही माझं," मेबिल म्हणाली आणि खाली बसली.

घरी जाताना बर्फ भुरभुरत होतं. थर्स्टन मागून चालत होता. "मेबिल," तो म्हणाला. ती थांबली. त्यानं पुष्कळ शब्द जुळवले होते, पण निघालं एवढंच, "माझं चुकलं."

"चुकलं," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. म्हणून मला तुझा अजून राग येतो." मग तिनं त्याचा दंड धरला, कारण उतार निसरडा होता आणि त्याचे गुडघे हे असे.

पुढच्या ऑक्टोबरात पिअर्स खराखुरा एकवीस वर्षांचा झाला. दरबारी हिशेबानं बावीस. प्रार्थनाघराची भिंत त्यानं सावरून घेतली होती आणि थर्स्टननं नवं शिसं ओतून वर पुन्हा छप्पर घातलं होतं. सेंट ल्यूकच्या दिवशी तिथं मॉर्वे घराण्यातल्या मेलेल्या माणसांची नावं वाचली गेली. ही जुनी रीत फुल्कच्या काळात बंद पडली होती. पाद्री एकेक नाव घेई आणि लोक त्याच्या आत्म्यासाठी देवाकडे मागणं मागत. ड्रोगो. वॅरिन. हाविस. जोसेलिन. बाल्ड्विन. बाल्ड्विनची बायको. मग पाद्र्यानं हातातला कागद जरा उजेडाकडे धरला, कारण शेवटचं नाव वेगळ्या हस्ताक्षरात होतं.

"इडोनी."

मागच्या रांगेत नोकरमाणसांत मेबिल उभी होती. थर्स्टनला वाटलं ती पडते की काय, म्हणून त्यानं हात पुढे केला. पुढून पिअर्सनं वळून एकदा दाईकडे पाहिलं. त्याचा चेहरा खुलला होता. आपण शहाणपणानं मार्ग काढला असं त्याला वाटत होतं, आणि एका परीनं काढलाच होता. मॉर्वे घराण्याच्या यादीत एक नाव जास्त आलं, त्यात फुल्कच्या वकिलाला काय सापडणार? असेल कुणी लहानपणी गेलेली बहीण.

बाहेर आल्यावर थर्स्टन म्हणाला, "नाव तर घेतलं."

"घेतलं," मेबिल म्हणाली. "त्यांच्यात घेतलं."

ते नाव यादीतून पुन्हा कुणी काढलं नाही. पाद्री बदलले, कागद बदलले, नव्या कागदावर जुनी नावं उतरवली गेली. किल्ला मॉर्व्यांकडून जावयाकडे गेला, जावयाच्या वंशातल्या एकानं जुगारात घालवला, मग विकत घेणाऱ्यांनी घेतला. आता तिकिटाच्या खिडकीशेजारी वंशावळीचा तक्ता आहे. त्यात बाल्ड्विनच्या खाली दोन रेघा निघतात. एक पिअर्स. दुसरी इडोनी, बालपणी निधन. थर्स्टनचं नाव कुठंच नाही. त्याला तशी अपेक्षाही नव्हती. चर्चेत नव्हे, प्रार्थनाघरात ते नाव पहिल्यांदा वाचलं गेलं, त्यानंतर तो जेमतेम आठ वर्षं जगला. प्लेगची मोठी साथ आली त्या उन्हाळ्यात गेला, आणि गावातले निम्मे लोकही त्याच उन्हाळ्यात गेले, ऑस्बर्ट आणि त्याच्या सातांपैकी पाच. इडोनीला पाहिलेलं आता मेबिलशिवाय कुणी उरलं नाही.

साथीनंतर पिअर्सनं लग्न केलं. बायको लांबच्या मुलखातली, वयानं लहान, मनानं मोकळी. त्या वर्षीच्या सेंट ल्यूकला नावं वाचून झाल्यावर ती मुद्दाम मागे आली आणि मेबिलपाशी थांबली. तिच्या पोटात पहिलं मूल होतं.

"तुम्हीच ना यांच्या दाई?"

"हो, बाईसाहेब."

"ती शेवटची इडोनी, ती यांची बहीण ना? यांना विचारलं तर नीट सांगत नाहीत. तुम्ही तिला पाहिलं होतंत?"

मेबिलनं इकडंतिकडं पाहिलं. पिअर्स दाराशी पाद्र्याशी बोलत होता. आता ऐकून कुणाचं काही बिघडणार नव्हतं, फुल्कही साथीत गेला होता. तरी दहा वर्षांची सवय एकदम सुटत नाही.

"पाहिलं होतं," ती म्हणाली. "मीच पाजायची तिला. अकरा महिने."

"अगबाई, म्हणजे आमच्या घरातली दोन-दोन मुलं तुमच्या दुधावर." तरुण मालकिणीनं तिचा हात हातात घेतला. तिला खरंच भरून आलं होतं. "परक्याचं लेकरू असलं तरी जीव लागतोच की हो. ती गेली तेव्हा तुम्हालाही फार वाईट वाटलं असेल."

"हो, बाईसाहेब," मेबिल म्हणाली. "मलाही वाटलं."